सायलेन्सरचा गंज : गैरसमज आणि वस्तुस्थिती

महागाव तालुक्यात पावसाळ्यात शेतातून परतलेल्या मोटारसायकलच्या सायलेन्सरला खालून काळ्या मातीचा थर लिंपलेला असतो. वाळून तो सुटतो, तेव्हा खाली तांबूस गंज दिसतो. मग खंडेनवमीला गाडीची पूजा करायची म्हणून बरेच जण घरीच सायलेन्सर रंगवतात. काम घरी होण्यासारखे आहे, पण काही चुकीच्या समजुतींमुळे केलेला खर्च महिन्याभरात पापुद्र्यांनी गळून पडतो.

गैरसमज : गंज हा समुद्रकाठच्या गाड्यांचा प्रश्न आहे.
वस्तुस्थिती : लोखंडाला गंजायला पाणी आणि हवा एवढेच पुरते, क्षारांमुळे गंज फक्त लवकर वाढतो. काळी माती ओल धरून ठेवते आणि सायलेन्सरला चिकटून बसते. क्षारांचीही आपल्याकडे कमतरता नाही. पोटॅश हे खत म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. खतांची पोती गाडीवरून नेताना सांडलेले दाणे ओल्या पत्र्यावर पडले, तर ते समुद्राच्या मिठाचेच काम करतात. खत वाहून आणल्यावर गाडी साध्या पाण्याने धुवावी, मात्र सायलेन्सर थंड झाल्यावरच.

गैरसमज : गंज बाहेरूनच लागतो.
वस्तुस्थिती : एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे तेवढेच पाणी वाफेच्या रूपात तयार होते. घर ते बाजार एवढ्याच फेऱ्या झाल्या तर सायलेन्सर पुरता तापत नाही, वाफेचे आतच पाणी होते आणि पत्रा आतून कुजतो. बऱ्याच सायलेन्सरच्या खालच्या बाजूला बारीक भोक असते, ते हे पाणी निघून जाण्यासाठी. ते चिखलाने बुजू देऊ नये आणि रंगानेही बुजवू नये.

गैरसमज : गंजावरच रंग मारला की गंज दबतो.
वस्तुस्थिती : गंज सच्छिद्र असतो. रंगाखाली ओल आणि हवा त्यातून पोचतच राहते. शिवाय रंग पत्र्याला न धरता गंजाच्या पापुद्र्याला धरतो आणि त्याच्यासकट सुटतो. म्हणून खरे काम खरवडण्याचे आहे. गाडी थंड असताना वायर ब्रशने सुटा गंज काढावा. मग 80 नंबरच्या पॉलिश पेपरने खड्डे साफ करावेत, त्यानंतर 120 आणि शेवटी 220 नंबरचा कागद फिरवावा. जोडाच्या वेल्डिंगवर आणि क्लॅम्पखाली गंज दडून राहतो, तिथे जास्त वेळ द्यावा. पांढरे फडके थिनरमध्ये भिजवून पत्रा पुसावा. फडके स्वच्छ निघेपर्यंत पुसणे थांबवू नये. त्यानंतर पत्र्याला उघड्या हाताने शिवू नये, कारण बोटांच्या तेलकटपणावर रंग धरत नाही.

गैरसमज : संडास साफ करायच्या ॲसिडने गंज झटपट जातो.
वस्तुस्थिती : जातो, पण त्यातले हायड्रोक्लोरिक आम्ल चांगला पत्रा आणि क्रोमही खाते. ते जरासे जरी फटीत राहिले तरी धुतलेल्या पत्र्यावर काही तासांत नवा गंज येतो. त्याची वाफ डोळ्यांना आणि छातीला घातक आहे. खोल खड्ड्यांतल्या गंजासाठी फॉस्फोरिक आम्लाचे गंजनाशक वापरावे, डब्यावर लिहिल्याप्रमाणे धुऊन लगेच कोरडे करावे.

गैरसमज : लांबी, रेड ऑक्साइड आणि वरून ऑइलपेंट, म्हणजे पक्के काम.
वस्तुस्थिती : हे फाटकाला ठीक, सायलेन्सरला नाही. इंजिनाजवळचा बेंड पाईप तीनशे अंश सेल्सिअसच्याही वर जाऊ शकतो. एवढ्या उष्णतेत साधी लांबी तडकते, ऑइलपेंट करपतो. इथे सिलिकॉनवर आधारित हीटप्रूफ रंगच हवा. असे रंग साधारण 600 अंशांपर्यंत टिकतात. खाली प्रायमर द्यायचा तर तोही हीटप्रूफ. रंगाचे दोन-तीन पातळ हात द्यावेत, जाड हात तापल्यावर फुगतो. पावसाळी दमट दिवस टाळावा. विदर्भातल्या उन्हाळ्यात दुपारीही रंगवू नये, स्प्रे पत्र्यावर पोचण्याआधीच वाळतो आणि खरखरीत बसतो. सकाळची सावली उत्तम.

गैरसमज : रंग हाताला लागेनासा झाला की काम संपले.
वस्तुस्थिती : हीटप्रूफ रंग उष्णतेनेच पक्का होतो. आधी डब्यावर सांगितलेला वेळ वाळू द्यावा. मग इंजिन पाच-दहा मिनिटे चालवून बंद करावे, पूर्ण थंड होऊ द्यावे, आणि दर खेपेला थोडा वेळ वाढवत हे दोन-तीनदा करावे. सुरुवातीला धूर येतो, तो रंगाचा असतो. हे मोकळ्या अंगणातच करावे, बंद खोलीत कधीही नाही. इंजिनाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो. रंग पक्का होण्याआधी त्यावर पेट्रोलचा थेंब पडला तरी डाग उठतो.

गैरसमज : क्रोमवरचा निळसर-पिवळा रंग म्हणजे गंज.
वस्तुस्थिती : तो उष्णतेने आलेला ऑक्साइडचा पातळ थर असतो. त्यासाठी क्रोम घासून काढू नये. क्रोमवर गंजाचे बारीक ठिपके असतील तर ॲल्युमिनियम फॉइल पाण्यात बुडवून हलक्या हाताने घासावे.

गैरसमज : भोक पडले तर वरून लेप लावून रंगवता येते.
वस्तुस्थिती : साधी एपॉक्सी लांबी उष्णतेला टिकत नाही. पत्रा जाड असेल तर वेल्डिंग करावे, बोटाने दाबून पत्रा दबत असेल तर सायलेन्सर बदलावा. फुटका सायलेन्सर तसाच चालवणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम 190(2) खाली आवाजाच्या मर्यादेच्या उल्लंघनाचा गुन्हा ठरू शकतो. 1 एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-6 गाड्यांत धुराच्या मार्गात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि ऑक्सिजन सेन्सर असतो. सेन्सरवर रंग उडू देऊ नये, रंगवण्याआधी त्यावर टेप गुंडाळावा.

रंगाच्या डब्याला पैसे लागतात, खरवडण्याला फक्त वेळ लागतो, आणि रंगाचे आयुष्य त्या वेळेवरच ठरते. यंदा दसऱ्याआधी गाडी रंगवायला काढाल, तेव्हा एक पूर्ण सकाळ गंज काढण्यासाठीच राखून ठेवा.