लिव्हरवरची ती रेघ सीमा नव्हे

चेन्नईत शोळिंगनल्लूरहून मेडवाक्कमच्या रस्त्याला लागलं की पेरुंबाक्कम येतं. तिथल्या ग्लेनईगल्स हेल्थ सिटीत लिव्हरची प्रत्यारोपणं होतात. जवळच्या ओएमआर रस्त्यावर आयटीत नोकरी करणारी मराठी मुलं गावाकडच्या वडिलांना, मामांना घेऊन या भागात येतात, हातात सोनोग्राफीचा रिपोर्ट असतो आणि घरातलंच कुणीतरी लिव्हरचा भाग द्यायला तयार झालेलं असतं. या मंडळींकडून एक प्रश्न मी सतत ऐकतो: "उजवी बाजू देणार म्हणजे त्या मधल्या रेघेच्या उजवीकडचं सगळं, ना?"

नाही. अजिबात नाही. आणि हा चुकीचा समज त्यांना आपणच दिलाय. दवाखान्याच्या भिंतीवरचा तक्ता घ्या किंवा शाळेतली आकृती घ्या, लिव्हरच्या पुढच्या बाजूला एक उभी रेघ, तिच्या एका अंगाला 'उजवा खंड', दुसऱ्या अंगाला 'डावा खंड'. ती रेघ म्हणजे फाल्सिफॉर्म लिगामेंट, लिव्हरला पोटाच्या पुढच्या भिंतीशी आणि श्वासपटलाशी जोडणारा एक पातळ पडदा. आतल्या रक्तपुरवठ्याच्या उजव्या-डाव्या विभागणीशी तिचा संबंध नाही.

त्या रेघेवरून कापलं तर काय होईल? लिव्हरच्या आठ भागांपैकी, म्हणजे सेगमेंटपैकी, डावीकडे फक्त 2 आणि 3 उरतील, म्हणजे ढोबळमानाने लिव्हरचा पाचवा हिस्सा. दात्याच्या शरीरात निदान 30 ते 35 टक्के तरी लिव्हर राहावं, असा सर्जनचा आग्रह असतो. हिशेब तुम्हीच करा. रेघेच्या उजवीकडे दिसणारं सेगमेंट 4 प्रत्यक्षात डाव्या लिव्हरचं आहे. त्याला रक्त डाव्या पोर्टल व्हेनकडून येतं.

हे काही कालपरवाचं संशोधन नाही. हाँगकाँगमध्ये काम केलेल्या जेम्स कँटली या ब्रिटिश डॉक्टरने 1897 मध्येच दाखवलं की खरी सीमा पित्ताशयाच्या खाचेपासून मागच्या अधोमहाशिरेपर्यंत (हृदयाकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेपर्यंत) जाते. एका शवविच्छेदनात त्याला लिव्हरची उजवी बाजू सुकलेली आणि डावी वाढलेली आढळली होती, आणि दोहोंच्या मधली हद्द लिगामेंटवर नव्हती, पित्ताशयाच्या रेषेत होती. पुढे 1957 मध्ये पॅरिसच्या क्लोद क्विनो यांनी आठ सेगमेंटची मांडणी ग्रंथरूपात दिली. 2000 साली ब्रिस्बेनला लिव्हर सर्जनच्या जागतिक संघटनेने उजवं-डावं लिव्हर ही नावं याच सीमेवर पक्की केली. तक्ते मात्र तसेच टांगलेले आहेत!

आता सोनोग्राफीत हे कसं ओळखतात ते पाहू, कारण पुढचा घोटाळा इथेच होतो. लोकांना वाटतं, संत्र्याच्या फोडींसारखे आठ तुकडे स्क्रीनवर वेगवेगळे दिसत असतील. सेगमेंटच्या मध्ये कसलीही भिंत नसते. सगळं लिव्हर एकसारखं राखाडी दिसतं. खुणा मिळतात त्या शिरांच्या. पेशंटला खोल श्वास घेऊन धरायला सांगायचं, प्रोब उजव्या बरगड्यांच्या खाली तिरपा ठेवून उजव्या खांद्याकडे रोखायचा. श्वास धरला की लिव्हर खाली सरकतं आणि तीन काळे पट्टे मागच्या बाजूला अधोमहाशिरेशी एकत्र येताना दिसतात. या लिव्हरमधलं रक्त बाहेर नेणाऱ्या हेपॅटिक व्हेन. मधल्या शिरेच्या एका बाजूला सेगमेंट 4, दुसऱ्या बाजूला 5 आणि 8. कँटलीची सीमा हीच. उजवी शीर 5-8 ला 6-7 पासून वेगळं करते. डावी शीर साधारण 2 आणि 3 च्या मधून जाते.

पोर्टल व्हेन याच्या उलट वागते. तिच्या फांद्या हद्दीवरून जात नाहीत, सेगमेंटच्या पोटात शिरतात. दोघींत फरक करायचा तो कडांवरून: पोर्टल व्हेनभोवती तंतुमय वेष्टण असल्याने तिच्या कडा पांढऱ्या चमकतात, हेपॅटिक व्हेनच्या बहुतेक चमकत नाहीत. शंका उरली तर डॉप्लर लावून रक्ताची दिशा बघायची. पोर्टल व्हेन उजवी-डावी फुटते त्या पातळीच्या वर 7, 8, 4 चा वरचा भाग आणि 2. खाली 6, 5, 4 चा खालचा भाग आणि 3. सेगमेंट 1 मागे, अधोमहाशिरेला खेटून असतं आणि त्याचं रक्त छोट्या शिरांनी थेट तिच्यातच जातं.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. 'सेगमेंट 8 मध्ये गाठ' म्हणजे आठवी स्टेज नव्हे; तो फक्त पत्ता आहे. सोनोग्राफीत सेगमेंट 5 आणि सीटीत 8 लिहिलं म्हणून एक डॉक्टर चुकला असं नाही. शिरांची ठेवण माणसागणिक बदलते आणि हद्दीवरची गाठ इकडे की तिकडे, यात मतभेद होतात. लिव्हर बरगडीखाली लांबवर लागतं म्हणून ते सुजलेलंच असतं असंही नाही. काहींच्या उजव्या बाजूला जन्मतःच रीडेल लोब नावाचं खाली उतरलेलं टोक असतं. फॅटी लिव्हरमध्ये पित्ताशयाजवळ दिसणारा काळसर डाग अनेकदा चरबी न साठलेला निरोगी भाग असतो. ती गाठच आहे असं ठरवून रात्र जागून काढू नका.

शेवटचा एक, कारण तो दात्यांना फार छळतो: "लिव्हर पुन्हा वाढतं, म्हणजे कापलेला भाग परत येतो." कापलेली सेगमेंट परत येत नाहीत. उरलेली फुगून मोठी होतात आणि काम भरून काढतात. उजवं लिव्हर दिलेल्या दात्याच्या सोनोग्राफीत 5 ते 8 कधीच सापडणार नाहीत, आणि शस्त्रक्रियेत पित्ताशयही काढलेलं असतं. गावाकडे तपासणीला जाल तेव्हा प्रोब लावण्याआधीच डॉक्टरांना शस्त्रक्रियेची तारीख सांगा आणि डिस्चार्ज कार्ड समोर ठेवा.