बेगोनिया आणि आपली माया

पावसाळ्याच्या तोंडी हौसेने आणलेली बेगोनियाची कुंडी चतुर्थीच्या आत मान टाकते, हा अनुभव पुष्कळ घरांचा आहे. आमच्या कचेरीच्या खिडकीतील रोपही गेल्या श्रावणात असेच गेले. पाने पिवळी पडू लागली तेव्हा तहान समजून आम्ही आणखी पाणी घातले. शेवटी कुंडी उलटून पाहिली, तो मुळे कुजून काळी पडलेली! उपेक्षेने नव्हे, मायेने ते झाड मेले. दोष सर्वस्वी आमचा होता.

अग्रलेखात कुंडीतील झाडाची चर्चा कशाला, असे कोणी विचारील. आपल्या जुन्या घरांना राजांगण असे. तेथील अबोली-जास्वंदीची काळजी ऊन-पाऊसच वाहत. आज पणजी, मडगाव, म्हापसा येथील कित्येक कुटुंबे सदनिकांत राहतात आणि हिरवेपणा उरतो तो खिडकीपुरता. कुंडीतील झाड केवळ आपल्यावर विसंबून असते. म्हणून त्याचा स्वभाव जाणून घेणे अगत्याचे होय.

मिशेल बेगों या सतराव्या शतकातील फ्रेंच अधिकाऱ्याचे नाव मिरवणारे हे कूळ आपल्याला परके नाही. उष्ण कटिबंधात त्याच्या दोन हजारांहून अधिक जाती आहेत. रंगीत पानांसाठी लोकप्रिय असलेला 'रेक्स' मूळचा आसामकडचा. आपल्या सह्याद्रीतही रानबेगोनिया आहेत आणि त्यांतील एका जातीचे शास्त्रीय नावच 'कोंकानेन्सिस' आहे. पावसाळ्यात घाटातून जाताना हे झाड निरखून पाहावे. ते उभे असते ओल्या कातळाच्या उतारावर, मूठभर पालापाचोळ्याच्या मातीत. वरून धो धो पाऊस कोसळतो, परंतु मुळांशी पाणी साचत नाही. डोक्यावर सावली, भोवती दमट हवा आणि पायाशी निचरा, हे त्याचे माहेर.

बागकामाची पुष्कळ पुस्तके थंड देशांतील कोरड्या, उबदार खोल्या डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेली असतात. पानांभोवती ओलावा राखण्याचा त्यांतील उपदेश तेथे योग्यच. आपल्याकडे ते काम समुद्राकाठची हवा फुकट करते. येथे पानांवर पाणी शिंपडले की बुरशी धरते. पूर्वेच्या खिडकीतील कोवळे ऊन बेगोनियाला मानवते, दुपारचे ऊन पाने करपवते. मातीची, तळाला भोक असलेली कुंडी घ्यावी. मातीत पालापाचोळ्याचे खत, थोडी जाड वाळू आणि कोळशाचे तुकडे मिसळावेत. वरची इंचभर माती कोरडी झाल्यावरच बुंध्याशी पाणी घालावे आणि खालच्या बशीत साचलेले ओतून टाकावे. आषाढ-श्रावणात पाणी निम्म्याहून कमी करावे, दोन कुंड्यांमध्ये वारा खेळता ठेवावा. वातानुकूलन यंत्राच्या झोतात मात्र झाड ठेवू नये.

कंद असलेल्या जाती पावसाळ्यानंतर पाने गाळून विश्रांती घेतात. झाड मेले असे समजून कुंडी उकिरड्यावर रिकामी करू नये. कंद जवळजवळ कोरडा ठेवला तर पुढच्या पावसाळ्यात तो पुन्हा फुटण्याची आशा असते.

आणखी एक विनंती. घाटात फुललेले रानबेगोनिया पाहून ते उपटून आणण्याचा मोह अनेकांना होतो. कातळावरचे ते झाड खिडकीत क्वचितच जगते, आणि घाटातील जागा मात्र रिकामी होते. हौस पुरवायला त्याची गरजही नाही. रेक्सचे एक निरोगी पान घेऊन त्याच्या मागच्या जाड शिरा ठिकठिकाणी चिराव्यात आणि ते ओलसर वाळूवर चपटे ठेवावे. काही आठवड्यांत चिरांपाशी इवली रोपे उगवतात. शेजाऱ्याकडे मागण्यासारखी वस्तू ती हीच: एक पान!

आमच्या खिडकीत आता असेच मागून आणलेल्या पानाचे रोप आहे. त्याला पाणी घालण्यापूर्वी आम्ही मातीत बोट खुपसून पाहतो. वाचकांनीही एवढे करावे.