चकमकीची बातमी आणि पोलिसांची बाजू

चकमकीच्या बातमीचा साचा मराठी वाचकाला पाठ आहे. सराईत गुन्हेगार येणार अशी खबर मिळते, पोलीस सापळा रचतात, शरण यायला सांगताच तो गोळी झाडतो, स्वसंरक्षणार्थ केलेल्या गोळीबारात जखमी होतो आणि रुग्णालयात मृत घोषित होतो. ११ नोव्हेंबर २००६ रोजी मुंबईत वर्सोव्याच्या नाना-नानी पार्कजवळ रामनारायण गुप्ता ऊर्फ लखनभैया मारला गेला, तेव्हा पोलिसांची हकिगत याच साच्यातली होती. प्रत्यक्षात त्याच दिवशी वाशीतून त्याला मित्रासह उचलले होते. तो गेल्याची बातमी येण्याआधीच त्याच्या वकील भावाने त्याच्या जिवाला धोका असल्याच्या तारा वरिष्ठांना धाडल्या होत्या. तारेवर वेळ असे. चकमकीची वेळ तर पोलिसांनीच सांगितलेली. या दोन वेळा शेजारी ठेवल्या तरी प्रेसनोट डळमळली असती. २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने २१ जणांना दोषी ठरवले, त्यांत १३ पोलीस होते.

‘पोलिसांनी सांगितले’ एवढे लिहिले की आपली जबाबदारी संपली, असा पत्रकारांचा युक्तिवाद असतो. पण मथळ्यात नेमके तेच शब्द गळतात आणि उरते ‘कुख्यात गुंड चकमकीत ठार’. शिवाय ज्यांच्या गोळीने माणूस मेला, ते या प्रकरणात पक्षकार आहेत, तटस्थ माहितगार नव्हेत. कायदा याबाबत पूर्वीपासून सावध आहे: पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही, हा १८७२ च्या पुरावा कायद्यातला नियम २०२३ च्या नव्या कायद्यातही कायम आहे. वर्तमानपत्रे मात्र ‘आरोपीची कबुली’ बिनदिक्कत छापतात.

रात्री पान सोडायची घाई असते आणि उद्याची बातमीही त्याच अधिकाऱ्याकडून मिळवायची असते, ही अडचण खरी आहे. म्हणून पहिल्या दिवशी मथळ्यात ‘पोलिसांचा दावा’ हे शब्द आले तरी पुष्कळ. खरी कसूर पुढच्या आठवड्यांत होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये चकमकीतल्या मृत्यूनंतर गुन्ह्याची नोंद, सीआयडी किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाकडून तपास आणि दंडाधिकाऱ्यांची चौकशी बंधनकारक केली. ती कुठवर आली, हे विचारायला गुप्त सूत्र लागत नाही. नातेवाईकही खोटे बोलू शकतात, हा आक्षेप रास्तच. मग त्यांचे म्हणणेही दावा म्हणूनच छापावे, फक्त ते सातव्या पानाच्या तळाशी ढकलू नये.