तुमचे टपाल तुम्हालाच कसे मिळते?

संगणक मेल उतरवून घ्यायला सर्व्हरशी जोडला गेला की पहिला शब्द सर्व्हरचा असतो. '+ओके' म्हणून तो थांबतो. मग संगणक 'यूजर' म्हणून नाव सांगतो, 'पास' म्हणून पासवर्ड देतो. जुळले तर पुन्हा '+ओके', नाही जुळले तर '-ईआरआर'. इतका उघडा, माणसाला वाचता येणारा संवाद संगणकांच्या जगात फार थोड्या ठिकाणी उरला आहे. त्याचे नाव पीओपी-३, म्हणजे पोस्ट ऑफिस प्रोटोकॉलची तिसरी आवृत्ती. पहिली आवृत्ती १९८४ची, तिसरी १९८८ची; आज प्रमाण मानला जातो तो मे १९९६चा आरएफसी १९३९ हा दस्तऐवज.

नाव नेमके आहे. टपाल कार्यालयात पोस्टबॉक्स घेतलेला माणूस सवडीने जातो, आपला खण उघडतो, पत्रे घेतो. पत्रे त्या खणापर्यंत कशी आली याच्याशी त्याचा संबंध नसतो. मेलमध्येही पोहोचवण्याचे काम एसएमटीपी हा वेगळा प्रोटोकॉल करतो. पीओपीकडे फक्त खण आणि किल्ली.

ही रचना त्या काळाला चपखल होती. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले ते मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास इथे. नागपूर त्या यादीत नव्हते. फोनवरून मॉडेमने जोडणी घ्यायची, तासांचा हिशेब वेगळा, कॉलचे बिल वेगळे. अशा वेळी पटकन जोडायचे, मेल उतरवायची, फोन ठेवायचा आणि मग निवांत वाचायचे, हेच शहाणपणाचे होते. मधेच लाइन तुटेल हेही धरलेले होते. 'डिली' म्हटल्यावर सर्व्हर पत्रावर फक्त खूण करतो; खरोखर पुसतो ते 'क्विट' म्हणून रीतसर निरोप घेतल्यावर. जोडणी आधीच तुटली तर एकही पत्र जात नाही. मला ही तरतूद या प्रोटोकॉलमधली सर्वांत समंजस वाटते.

किल्लीचा प्रश्न मात्र अवघड निघाला. 'पास' पाठोपाठ जाणारा पासवर्ड मूळ पद्धतीत जसाच्या तसा तारेतून जातो. वाटेत कान लावून बसलेल्या कोणालाही तो वाचता येतो. यावर 'एपॉप' नावाचा तोडगा निघाला. सर्व्हर सुरुवातीलाच दर वेळी वेगळी अशी एक खूण पाठवतो. संगणक तिला पासवर्ड जोडतो, एमडी-५ या गणिती चरकातून काढतो आणि बत्तीस अक्षरी निकाल परत पाठवतो. पासवर्ड तारेवर येतच नाही. पण हेच गणित सर्व्हरलाही करायचे, म्हणजे त्याच्याकडे मूळ पासवर्ड हवा. साध्या पद्धतीत सर्व्हर पासवर्डऐवजी त्याचा 'हॅश', म्हणजे उलट फिरवता न येणारा ठसा जपून ठेवू शकतो; चोराने फाइल पळवली तरी पासवर्ड लगेच हाती लागत नाहीत. एपॉपमध्ये तार सुरक्षित झाली आणि कपाट उघडे पडले. पुढे एमडी-५ स्वतःच कच्चे ठरले.

आज व्यवहारात चालतो तो सरळ मार्ग: आधी टीएलएसचा बंद बोगदा उभारायचा, मग त्यातून साधा पासवर्ड न्यायचा आणि सर्व्हरवर फक्त ठसा ठेवायचा. म्हणून जुन्या ११० क्रमांकाच्या पोर्टऐवजी ९९५ वापरतात.

नागपुरातल्या संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी हे पुस्तकातून वाचण्यापेक्षा करून पाहावे. जुना लॅपटॉप, त्यावर लिनक्स आणि फिनलंडच्या टिमो सिराइनेन यांचा 'डव्हकॉट' हा मोफत सर्व्हर पुरतो. डव्हकॉट मुळातच सावध आहे: बोगदा नसेल तर बाहेरून आलेला उघडा पासवर्ड तो स्वीकारत नाही, मात्र त्याच यंत्रावरून टेलनेटने ११० वर गेलात तर चालवून घेतो. तिथे 'यूजर', 'पास', पत्रांची यादी मागणारी 'लिस्ट' आणि पत्र मागवणारी 'रिटर' या आज्ञा स्वतः टाइप करा. ९९५ वर ओपनएसएसएलच्या क्लायंटने जाणार असाल तर आज्ञा लहान लिपीत द्या. ओळ मोठ्या 'आर'ने सुरू झाली की तो कार्यक्रम ती आपल्यासाठीची सूचना समजतो आणि 'रिटर' सर्व्हरपर्यंत पोहोचतच नाही. आज्ञांपुरती सर्व्हरला मोठी-लहान लिपी सारखीच.

आणि आता आपल्या घरचा प्रश्न. मार्च २०१३च्या आरएफसी ६८५६ने पीओपीमध्ये युनिकोडला जागा दिली, ऑगस्ट २०१४मध्ये '.भारत' हे डोमेन आले. देवनागरी नावाने लॉगिन करण्याची वाट मोकळी झाली. समजा, कोणी 'वऱ्हाड' हा पासवर्ड ठेवला. यातला अर्धा र युनिकोडमध्ये तीन तऱ्हांनी लिहिता येतो: 'ऱ' या स्वतंत्र अक्षराने, साध्या 'र'ला नुक्ता जोडून, किंवा 'र', हलन्त आणि त्यापुढे 'शून्यरुंदी जोडक' हे अदृश्य चिन्ह घालून. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात. यूटीएफ-८मध्ये पहिला शब्द १८ बाइट्सचा, उरलेले दोन २१ बाइट्सचे. ठसा बाइट्सचा निघतो, दिसण्याचा नाही. एक बाइट बदलला की अख्खा ठसा बदलतो. फोनवरचा कळफलक एक रूप लिहीत असेल आणि संगणकावरचा दुसरे, तर अचूक पासवर्ड देऊनही उत्तर येईल: '-ईआरआर'.

युनिकोडची प्रमाणीकरणाची रीत नुक्त्याचे रूप 'ऱ'मध्ये आणते. जोडकाचे रूप मात्र ती तसेच सोडून देते. हिंदीत हा अर्धा र लागत नाही, इंग्रजीचा तर प्रश्नच नाही. त्यामुळे ही अडचण इतर कोणाच्या लक्षात येण्याची वाट पाहणे व्यर्थ आहे. नाव आणि पासवर्ड तपासण्याआधी 'र', हलन्त आणि जोडक या क्रमाच्या जागी 'ऱ' आणि हलन्त ठेवायचे, एवढा एक नियम सर्व्हरच्या पडताळणीत घालावा लागतो, आणि तो पासवर्ड पहिल्यांदा ठेवतानाही तसाच लागू करावा लागतो.