प्रवासातला नमाज : सवलत आणि शिस्त

मुंबईहून रत्नागिरीकडे जाणाऱ्या गाडीत एखादा मुसलमान सहप्रवासी दुपारच्या वेळी नमाज पढताना आपण पाहतो. दोन नमाज लागोपाठ, आणि तेही आखूड करून, पढून तो आपल्या जागेवर येऊन बसतो. पाहणाऱ्याच्या मनात सहज येते, की प्रवासात धर्मही उरकून घ्यायचा असतो वाटते! ही समजूत कितपत खरी आहे, याचा आज आपण विचार करू.

दिवसाचे पाच नमाज मिळून सतरा रकात फर्ज, म्हणजे अवश्य कर्तव्य आहेत. उभे राहणे, वाकणे आणि दोन वेळा जमिनीवर मस्तक टेकणे, एवढ्या क्रमाला एक रकात म्हणतात. फजरच्या २, मगरीबच्या ३ आणि जोहर, असर व इशा यांच्या प्रत्येकी ४. प्रवासी चार रकातींच्या नमाजाच्या दोनच पढतो. याला ‘कसर’ म्हणतात. फजर आणि मगरीब मात्र जशाच्या तशा राहतात. म्हणून सतराच्या अकरा होतात, पण पाचांतला एकही नमाज गळत नाही.

कुराणाच्या चौथ्या सूरेतील १०१ व्या आयतीत ही सवलत शत्रूच्या भयाच्या संदर्भात आली आहे. मग भय सरल्यावर ती का राहावी? हा प्रश्न पुढे दुसरे खलिफा झालेल्या उमर यांनी खुद्द पैगंबरांनाच विचारल्याचे हदीस सांगते. उत्तराचा आशय असा, की ही ईश्वराने दिलेली देणगी आहे, ती स्वीकारावी. आपल्याकडील आपद्धर्माहून ही कल्पना वेगळी आहे, ती येथेच. आपद्धर्माला संकट लागते. कसरला प्रवास पुरतो.

याचे कारण उघड आहे. श्रम मोजायचे कोणत्या मापाने? शास्त्रकार नेहमी एक उदाहरण देतात : गावातल्या गावात ओझे वाहणारा हमाल थकतो, तरी त्याला प्रवाशाची सवलत नाही, ऐषआरामात प्रवास करणाऱ्या राजाला मात्र ती आहे. थकवा ज्याचा त्यालाच ठाऊक. अंतर मात्र सर्वांना मोजता येते. ते अंतर काफिल्याच्या दोन दिवसांच्या, हनफी मताने तीन दिवसांच्या वाटेवरून ठरले. आजच्या हिशेबाने ते साधारण पाऊणशे ते नव्वद किलोमीटर धरतात. गावाची वस्ती ओलांडल्यावर कसर सुरू होते. मुक्काम ठरला की ती संपते : हनफींच्या मते पंधरा दिवस राहण्याचा बेत असेल तर, शाफईंच्या मते चार दिवसांचा असेल तर. स्थानिक इमामाच्या मागे उभे राहिल्यास प्रवाशालाही पूर्ण चार पढाव्या लागतात.

आता दोन नमाज जोडण्याचा, म्हणजे ‘जमा’चा प्रश्न. जोहर असरशी आणि मगरीब इशाशी जोडतात. फजर कशाशीच नाही. हजच्या वेळी अरफातच्या मैदानात पहिली जोडी आणि मुज्दलिफा येथे दुसरी, यावर सर्वांचे एकमत आहे. त्यापलीकडे मतभेद आहेत. शाफई, मालिकी आणि हंबली प्रवासात जोडण्यास मोकळीक देतात. हनफी देत नाहीत. फार तर पहिला नमाज वेळेच्या शेवटी आणि दुसरा वेळेच्या आरंभी पढावा, म्हणजे दोन्ही आपापल्या वेळेतच राहतात. कसरबाबत मात्र हेच हनफी उलट कडक आहेत : त्यांच्या मते ती ऐच्छिक नसून आवश्यकच आहे. शिया पंथात घरीही नमाज जोडता येतात. पैगंबरांनी मदिनेत भय वा पाऊस नसताना नमाज जोडल्याची एक हदीस सुन्नी ग्रंथांतही आहे. अनुयायांवर भार पडू नये हा हेतू तेथे सांगितला आहे.

हा वाद दूरचा नाही. कोकणातले मुसलमान बहुतांशी शाफई, तर देशावरचे बहुतांशी हनफी. एकाच डब्यातला कोकणी प्रवासी असर जोहरबरोबर पढून मोकळा होतो आणि सोलापूरकडचा असरच्या वेळेची वाट पाहतो. दोघेही आपापल्या नियमाने चोखच वागत असतात. तेव्हा आखूड नमाज पाहून भक्तीही आखूड, असे आपण समजू नये. आम्हांस वाटते, कोठे किती सोडायचे हे ज्याने आधीच ठरवून ठेवले आहे, त्याला उरलेले सोडण्याची सबब राहत नाही.