गुलालातले फोटो आणि वीस वर्षांची सॉफ्टवेअरं

वाडी रत्नागिरीच्या जोतिबाच्या डोंगरावर चैत्र पौर्णिमेला जे घडतं, त्याचा क्रम गेल्या वीस वर्षांत फारसा बदललेला नाही. मानाच्या सासनकाठ्या, म्हणजे गावोगावच्या उंच निशाणकाठ्या, येतात, पाडळीच्या काठीचा मान पहिला असतो, दुपारी मिरवणूक रंगते, गुलाल-खोबऱ्याची उधळण होते आणि संध्याकाळी पालखी यमाईच्या भेटीला निघते. बदललं ते हे सगळं कॅमेऱ्यात भरून घरी आल्यानंतरचं काम. रोलच्या काळात ३६ फोटोंचा हिशेब होता. निगेटिव्ह पाकिटात घालायची, पाकिटावर पेनानं साल आणि गाव लिहायचं, की काम संपलं. डिजिटल कॅमेरा हातात आला आणि एकाच दुपारी शेकड्यांनी फोटो जमू लागले. ते ठेवायचे कुठं, शोधायचे कसे आणि सुधारायचे कशात, हा प्रश्न तेव्हापासून जोतिबावर कॅमेरा नेणाऱ्या प्रत्येकाच्या मागं लागला आहे.

या वीस वर्षांत कितीतरी सॉफ्टवेअरं आली, काही बंद पडली, काहींनी महिन्याचं भाडं लावलं, काही फुकट असूनही दुर्लक्षित राहिली. त्या सगळ्यांचा हा मागोवा घेताना माझं एक मत पक्कं झालं आहे. फोटोची माहिती फोटोसोबतच राहू देणारं आणि आपल्याला हवं तेव्हा ती घेऊन बाहेर पडू देणारं सॉफ्टवेअर निवडावं. बाकीचे गुण त्यानंतरचे.

सुरुवात पिकासापासून करायला हवी. फोटोशॉप १९९० पासून होतं आणि कोल्हापूरच्या स्टुडिओंमध्ये लग्नाचे अल्बम त्यातच तयार होत. पण फोटोशॉप एकेक फोटो उघडून काम करण्यासाठी बनलेलं. हजार फोटोंतून चाळीस निवडायचे असतील, तर त्याचा उपयोग नव्हता. २००४ मध्ये गुगलनं पिकासा विकत घेतलं आणि फुकट करून टाकलं. ते स्वतःच अख्खी हार्डडिस्क धुंडाळायचं, सगळे फोटो तारखेवार मांडायचं आणि जुन्या संगणकावरही झपाझप चालायचं. मूळ फोटोला ते हात लावत नसे. क्रॉप केलं, उजेड वाढवला, तर त्याची नोंद त्याच फोल्डरमधल्या एका लपलेल्या फाइलमध्ये राही. मात्र जेपेग फोटोखाली लिहिलेली ओळ आणि टॅग थेट त्या फोटोच्या फाइलमध्ये जात. हा फरक तेव्हा कुणाच्या फारसा लक्षात आला नाही. पुढं तोच निर्णायक ठरला.

२००९ मध्ये पिकासाला चेहरे ओळखता येऊ लागले. बारशाच्या आणि लग्नाच्या फोटोंत हे चांगलं चालायचं. यात्रेच्या फोटोंत मात्र केसांपासून गळ्यापर्यंत गुलालानं माखलेल्या चेहऱ्यांपुढं त्याचं काही चालेना. एकाच माणसाचे सकाळचे आणि संध्याकाळचे फोटो ते दोन वेगळी माणसं म्हणून बाजूला काढी. त्यातून एक गोष्ट ध्यानात आली. यात्रेत ओळख चेहऱ्यावरून कमी आणि काठीवरून जास्त पटते. कुठल्या गावची काठी, तिला कुठल्या रंगाचं कापड गुंडाळलंय, वर निशाण कसलं आहे, यावरून फोटोतली माणसं कुठली ते कळतं. सॉफ्टवेअरला हे कळणार नसतं. गावाचं नाव आपणच लिहावं लागतं.

तारखेचंही तसंच. सगळी सॉफ्टवेअरं इंग्रजी तारखेनं फोटो लावतात, यात्रा तिथीनं भरते. चैत्र पौर्णिमा २०१९ मध्ये १९ एप्रिलला होती, २०२२ मध्ये १६ एप्रिलला, २०२४ मध्ये २३ एप्रिलला. ‘मागच्या चार यात्रांचे पालखीचे फोटो दाखव’ असं कुठल्याही कॅलेंडरला सांगून भागत नाही. प्रत्येक फोटोला ‘चैत्र यात्रा’ हा टॅग असेल, तरच ते एकत्र येतात. श्रावणातली नगरप्रदक्षिणा आणि नवरात्रातल्या पूजा यांनाही स्वतंत्र टॅग लागतो, नाहीतर एकाच देवळाचे सगळे फोटो एकमेकांत मिसळून जातात.

लाइटरूमची पहिली आवृत्ती फेब्रुवारी २००७ मध्ये आली. तोपर्यंत हौशी फोटोग्राफरांच्याही हातात डीएसएलआर येऊ लागले होते आणि रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यानं प्रक्रिया न करता साठवलेली प्रतिमा, काय असते, हे लोकांना कळू लागलं होतं. जोतिबाच्या फोटोंसाठी रॉचं महत्त्व किती, ते गुलालात काढलेला एखादा फोटो मोठा करून पाहिला की समजतं. गुलालाच्या गुलाबी रंगात लाल चॅनल पार टोकाला जातो, निळाही वर सरकतो आणि हिरवा जवळजवळ उरतच नाही. जेपेगमध्ये अशा जागी नुसता सपाट गुलाबी डाग दिसतो. सदऱ्याच्या चुण्या, हवेत उडालेल्या गुलालाचे थर, सगळं त्यात बुडून जातं. शिवाय चौकट गुलाबीनं भरली की कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स तो रंग कमी करायला जातो आणि पांढरी धोतरं हिरवट दिसू लागतात.

रॉ फाइल असेल, तर हे घरी बसून सुधारता येतं. देवळाचा दगड काळा बेसॉल्ट आहे. त्यातला गुलाल न लागलेला, उन्हात करडा दिसणारा एखादा भाग शोधायचा आणि व्हाइट बॅलन्सचा ड्रॉपर तिथं टेकवायचा. धोतरं पुन्हा पांढरी होतात, माणसांच्या अंगाचा रंग माणसासारखा दिसतो. मग गुलाबी आणि लाल रंगांचं सॅच्युरेशन थोडं उतरवायचं, त्यांचा उजळपणा जरा खाली आणायचा. हरवलेल्या चुण्या हळूहळू वर येतात. लाइटरूमनं मोठी सोय केली ती यापुढची. एका फोटोवर बसवलेली ही सेटिंग्ज त्याच उन्हातल्या दोनशे फोटोंवर एका फटक्यात लावता येत. निवड, टॅग आणि सुधारणा एकाच खिडकीत होऊ लागली. यात्रेनंतर दोन-तीन आठवडे चालणारं काम दोन-तीन संध्याकाळींत उरकू लागलं.

पण लाइटरूम सगळ्या नोंदी एका कॅटलॉगमध्ये ठेवतं. ती एकच डेटाबेस फाइल असते. हार्डडिस्क गेली आणि कॅटलॉगची दुसरी प्रत नसली, की दुसरीकडं ठेवलेले फोटो वाचतात, पण त्यांच्यावर केलेलं काम आणि लिहिलेली गावं जातात. टॅग आणि सेटिंग्ज फोटोजवळच, एक्सएमपी या माहिती साठवण्याच्या स्वरूपात लिहिण्याची सोय लाइटरूममध्ये आहे. ती सेटिंग्जमध्ये जाऊन आपण चालू करावी लागते. ज्यांनी ती चालू ठेवली, त्यांचं पुढचं बरंच दुखणं टळलं.

ते दुखणं सुरू झालं २०१३ मध्ये. अडोबीनं क्रिएटिव्ह क्लाउडच्या भाड्यावर भर दिला आणि एकदा पैसे मोजून विकत घ्यायची पद्धत मागं पडत गेली. २०१५ मधलं लाइटरूम ६ हे विकत घेऊन कायमचं वापरता येणारं शेवटचं. ऑक्टोबर २०१७ मध्ये लाइटरूमचे दोन भाग झाले, त्यातल्या जुन्याचं नाव लाइटरूम क्लासिक पडलं आणि पुढं फक्त भाडं उरलं. ज्याची कमाई लग्नसराईवर चालते, त्याला आषाढ-श्रावणातही दरमहा पैसे भरणं जड जातं. भाडं थांबलं तर लाइटरूम क्लासिकमधले जुने फोटो दिसतात, बाहेरही काढता येतात, पण सुधारणांचा विभाग बंद होतो. म्हणजे आपलंच काम आपल्यासमोर असतं आणि त्यात बदल करता येत नाही. मोठ्या स्टुडिओला हे परवडतं. वर्षातून एकदा यात्रेचे फोटो काढणाऱ्याला ते परवडावं, अशी अपेक्षा ठेवणं गैर आहे.

मे २०१५ मध्ये गुगल फोटोज आलं आणि १५ मार्च २०१६ ला पिकासा अधिकृतपणे बंद झालं. ज्यांनी पिकासात ओळी आणि टॅग लिहिले होते, त्यांचे ते फोटोच्या आतच असल्यामुळे इतर सॉफ्टवेअरांतही दिसत राहिले. ज्यांनी केवळ पिकासाचे अल्बम आणि चांदण्या वापरल्या, त्यांची निवड पिकासाबरोबर अडकून पडली. मघाशी म्हटलेला फरक तो हाच.

गुगल फोटोजनं फोनवाल्यांचं काम फार सोपं केलं. फोटो आपोआप वर जात, ‘टेम्पल’ म्हणून शोधलं तरी देवळाचे फोटो सापडत आणि १६ मेगापिक्सेलच्या मर्यादेत साठवण कितीही मोफत होती. २०२० मध्ये कोरोनामुळं यात्रा भरली नाही, २०२१ मध्येही डोंगर भाविकांविना राहिला. त्या दोन चैत्रांत घरोघरी जुन्या यात्रांचे फोटोच पाहिले गेले. त्याच २०२१ मध्ये १ जूनपासून मोफत अमर्याद साठवण संपली आणि १५ जीबीची मर्यादा लागू झाली. मोफत मिळालेली जागा कायमची नसते, हे तेव्हा लाखो लोकांना एकदमच कळलं.

व्हॉट्सॲपनं आणखी एक नुकसान केलं, ते अजून चालू आहे. त्यावरून फोटो म्हणून पाठवलेला फोटो लहान होतो आणि त्यातली तारीख, टॅग, ओळ सगळं गळून पडतं. गावातल्या गटावर फिरणारे काठीचे फोटो देखणे असतात, पण ते कुठल्या सालचे, हे पाच वर्षांनी कुणालाच सांगता येत नाही. पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावा, त्यातलं सगळं शाबूत राहतं.

देवनागरीचा प्रश्न तर आपल्या सगळ्यांचा. अल्बमवरची नावं वर्षानुवर्षं श्रीलिपीसारख्या फॉन्टांत टाइप झाली. छापण्यापुरतं ते ठीक होतं. पण त्या पद्धतीनं लिहिलेला टॅग दुसऱ्या संगणकावर निरर्थक अक्षरांचा ढीग होऊन समोर येतो. युनिकोडमध्ये लिहिलेलं मराठी एक्सएमपीत सुरक्षित राहतं, कारण एक्सएमपी मुळातच युनिकोडवर उभं आहे. तेव्हा टॅग मराठीतच लिहावेत, युनिकोडमध्ये लिहावेत आणि एकदा ठरवलेलं लेखन बदलू नये. एका वर्षी ‘जोतिबा’ आणि दुसऱ्या वर्षी ‘ज्योतिबा’ लिहिलं, की शोधताना निम्मे फोटो हरवतात.

फुकट आणि मुक्त सॉफ्टवेअरांकडे आपल्याकडं फार उशिरा लक्ष गेलं. डिजीकॅम या शतकाच्या सुरुवातीपासून आहे, डार्कटेबल २००९ पासून. रॉथेरपी २०१० मध्ये मुक्त झालं. डिजीकॅम फोटो लावण्यात आणि टॅग देण्यात पक्कं आहे. ‘जोतिबा’च्या पोटात ‘सासनकाठी’, तिच्या पोटात गावाचं नाव, अशी टॅगांची उतरंड त्यात सहज रचता येते. डार्कटेबल प्रत्येक फोटोशेजारी एक छोटी एक्सएमपी फाइल ठेवतं. फोल्डर उचलून दुसऱ्या संगणकावर नेलं, तरी केलेलं काम त्याच्यासोबत जातं. गुलालाच्या रंगाशी लढायला त्यात लाइटरूमइतकीच, काही बाबतींत जास्त, हत्यारं आहेत. शिकायला वेळ लागतो, हे खरं. पहिला महिना कष्टाचा जातो. पण तो महिना एकदाच द्यावा लागतो.

अलीकडची भर आहे ती कृत्रिम बुद्धिमत्तेची. २०२१ मध्ये लाइटरूमनं आकाश आणि फोटोतला मुख्य विषय आपोआप निवडायची सोय दिली, २०२३ मध्ये अंधारातल्या फोटोंतला दाणेदारपणा घालवणारी. संध्याकाळच्या पालखीच्या फोटोंना या दुसरीचा मोठा फायदा होतो. पण त्याच वर्षी फोटोशॉपनं नसलेली वस्तू फोटोत भरण्याची सोयही आणली. फोटोतून विजेच्या तारा पुसायच्या, गर्दी वाढवायची, आभाळ बदलायचं, हे आता क्षणाचं काम आहे. यात्रेचे फोटो गावांची आणि मानाची नोंद असतात. कुठली काठी कुठल्या काठीच्या मागं उभी होती, यावर उद्या कुणी बोट ठेवील, तेव्हा फोटो खरा असला पाहिजे. रंग सुधारावा, माणसं आणि काठ्या यांना हात लावू नये.

आज कुणी विचारलं तर मी असं सांगेन. ज्याचा धंदा फोटोंवर चालतो, त्यानं लाइटरूम क्लासिक खुशाल घ्यावं, एक्सएमपी लिहिण्याची सोय मात्र पहिल्या दिवशी चालू करावी. हौसेनं वर्षातून दोन-चारदा डोंगरावर जाणाऱ्यानं डिजीकॅम आणि डार्कटेबल शिकावं. फोनवरच काम भागवणाऱ्यानं वर्षातून एकदा सगळे फोटो बाहेर काढून हार्डडिस्कवर उतरवावेत. आणि कुठलंही सॉफ्टवेअर घेण्याआधी एक परीक्षा घ्यावी. दहा फोटो त्यात घालावेत, मराठीत गावाची नावं द्यावीत आणि तेच फोटो दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून पाहावेत. नावं दिसली तर ते घ्यावं. नाही दिसली तर ते कितीही देखणं असो, यात्रेचे फोटो त्याच्या हवाली करू नयेत. काठीखाली नाचणाऱ्या माणसाचा नातू कधीतरी आजोबांचा फोटो शोधत येईल. त्याच्या हाती सुरुवातीला फक्त गावाचं नाव असेल, आणि तेवढ्यावर फोटो सापडायला हवा.