आज्ञापालन कुणाचे?

काही वर्षांपूर्वी पुसदला आंबेडकर जयंतीची सभा आटोपून आम्ही चार-सहा जण चहाच्या टपरीवर उभे होतो. त्यातल्या एका तरुण कार्यकर्त्याने मला विचारले, "सर, तुम्ही बाबासाहेबांवर व्याख्याने देता, मोर्चात आमच्याबरोबर चालता. मग रविवारी चर्चमध्ये गुडघे टेकता ते कशासाठी? आपल्या लोकांनी शेकडो वर्षे आज्ञाच पाळल्या. आता आणखी एक मालक कशाला?"

प्रश्न झोंबला. त्या दिवशी मी काहीबाही बोलून वेळ मारून नेली. पण प्रश्न खरा होता आणि विचारणारा आपला होता. त्याला उशिरा का होईना, उत्तर देणे भाग आहे.

पुसदसारख्या ठिकाणी आम्ही ख्रिस्ती थोडे. दलितांपैकी बहुसंख्य लोक १९५६ नंतर धम्माच्या वाटेने गेले, आणि आमचे घर कसे चालते हे त्यांतल्या अनेकांना ठाऊक नाही. म्हणून आधी ते सांगतो. सकाळी कामाला निघण्यापूर्वी घरात शास्त्राचा एखादा उतारा वाचला जातो. वाचता येणाऱ्याने वाचायचा, बाकीच्यांनी ऐकायचा. जेवणाआधी उपकारस्तुती, रविवारी उपासना, जमेल तसा दशमांश आणि ठरलेल्या रविवारी प्रभुभोजन. बाहेरच्याला एवढेच दिसते. पण आमचे पाळक सांगत आले की हा सगळा पाया आहे, घर नव्हे. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूने दोन घरांची गोष्ट सांगितली आहे. वचन ऐकून त्याप्रमाणे वागणाऱ्याचे घर खडकावर आणि नुसते ऐकणाऱ्याचे वाळूवर. पूर येतो तो दोघांनाही. म्हणजे ख्रिस्ती माणसाच्या विश्वासाची परीक्षा ऐकण्यात नसून वागण्यात आहे. या वागण्याला आमच्याकडे आज्ञापालन म्हणतात.

हा शब्द आपल्या माणसाला बोचतो, आणि तो बोचलाच पाहिजे. गावकीत महाराने सांगावे पोचवले, मेलेली गुरे ओढली. मांगाने दोर वळले, हलगी वाजवली. यातल्या प्रत्येक कामामागे कुणाची तरी आज्ञा होती आणि त्या आज्ञेमागे धर्म उभा होता. अशा माणसाला पुन्हा 'आज्ञा पाळ' म्हणताना सांगणाऱ्याची जीभ अडखळायला हवी. शिवाय बायबलातही दासांनी धन्याचे ऐकावे असे सांगणारी वचने आहेत. ती नाहीत असे मी म्हणणार नाही. अमेरिकेतल्या गुलाममालकांनी तीच वचने पुन्हा पुन्हा वाचून दाखवली.

परंतु मालकांनाही त्या ग्रंथाची भीती होती. १८०७ साली लंडनमध्ये वेस्ट इंडीजमधील गुलामांसाठी निवडक बायबल छापले गेले. इस्राएल लोक फारोच्या गुलामीतून बाहेर पडले ती निर्गमाची कथा त्यातून गाळलेली होती. ख्रिस्तात दास आणि स्वतंत्र असा भेद उरत नाही हे गलतीकरांस लिहिलेल्या पत्रातले वचनही त्यात नव्हते. धन्याचे ऐका हे मात्र ठेवलेले होते. पुस्तक एकच, पण कापून दिले की बेडी आणि सबंध दिले की किल्ली. म्हणून शास्त्र वाचणाऱ्या दलिताने पहिला प्रश्न हा विचारावा की मला सबंध पुस्तक मिळाले आहे की कापलेले?

त्या गाळलेल्या भागात दोन सुइणींची गोष्ट आहे. शिप्रा आणि पुवा. इब्री बाईला मुलगा झाला तर त्याला मारून टाका असा फारोचा हुकूम होता. त्या दोघींनी तो मोडला, कारण त्यांना देवाचे भय होते. माझी आजी मांगाची, आणि पुष्कळ गावांत बाळंतपण मांगिणीच्या हातून होई तसे तिच्याही हातून होई. तिला अक्षर येत नव्हते. बायबल बाई वाडीत येऊन वाचून दाखवी, त्यातली ही गोष्ट तिला तोंडपाठ होती. ह्या दोघी आपल्यातल्याच, असे ती ठामपणे सांगे. बाळंतीण अडली असताना ती कधी घरी बसली नाही, कुणाच्याही घरचे बोलावणे असो. पण बाप्तिस्म्यानंतर, काम झाल्यावर मागच्या दाराशी टाकलेली शिळी भाकर तिने उचलणे बंद केले. कुणी विचारले तर म्हणे, "देवाचं आयकाचं म्हन्जे पाटलाचं आयकाचं नोहे, पोरा." माझ्या घरात आज्ञापालनाची पहिली व्याख्या ही. एकाचे ऐकायचे ठरले म्हणजे दुसऱ्याचे मोडावे लागते.

आजीला हे वचन कळेल अशा भाषेत पोचायला बराच काळ लागला. विल्यम केरीने श्रीरामपुराहून १८११ साली मराठी नवा करार छापला तो पंडितांच्या मदतीने. पुढची भाषांतरेही बरीचशी शिकलेल्या वर्गाच्या भाषेत झाली. पंडिता रमाबाईंना हे खटकले. केडगावच्या मुक्तिसदनात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबल साध्या बायाबापड्यांच्या मराठीत आणायचे काम हाती घेतले, आणि १९२२ साली मृत्यूच्या उंबरठ्यावर ते पुरे केले. रमाबाई ब्राह्मण घरातल्या होत्या, हे मी विसरत नाही. परंतु संस्कृतात वाढलेली बाई संस्कृताचे ओझे उतरवायला बसते, हेही एक आज्ञापालनच.

आता रोजच्या जगण्याकडे येऊ. आपल्याकडे जात तीन ठिकाणी पक्की बसलेली असते: पाण्यावर, पंगतीत आणि लग्नात. शास्त्रही याच ठिकाणी येऊन भिडते.

पाणी. योहानाच्या शुभवर्तमानात येशू भर दुपारी विहिरीवर बसून एका शोमरोनी स्त्रीकडे पाणी मागतो. यहुदी लोक शोमरोन्यांशी व्यवहार ठेवीत नसत. ती बाई स्वतःच आश्चर्याने तसे म्हणते. त्याच्याजवळ पोहरा नव्हता, तेव्हा तिच्याच भांड्यातून प्यायची त्याची तयारी होती. २० मार्च १९२७ चे महाड ज्याने वाचले आहे त्याला या प्रसंगाची टीका वेगळी समजावून सांगावी लागत नाही. मराठीत याचा सुंदर दाखला लक्ष्मीबाई टिळकांचा आहे. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी १९०० साली. मधल्या काळात त्या आपले सोवळे सांभाळून होत्या. 'स्मृतिचित्रे'मध्ये त्यांनी प्रांजळपणे लिहिले आहे की जात देवाने केली की माणसाने, या प्रश्नाचा त्यांनी स्वतःशी निकाल लावला आणि सोवळे सोडले. बाप्तिस्मा त्यानंतरचा. मला हा क्रम महत्त्वाचा वाटतो. आधी पाण्याचा विटाळ गेला, मग डोक्यावर पाणी पडले.

पंगत. अंत्युखियात पेत्र विदेशी विश्वासणाऱ्यांबरोबर जेवत असे. यरुशलेमहून काही मंडळी आली तेव्हा लोक काय म्हणतील म्हणून तो पंगतीतून बाजूला झाला. पौलाने त्याला सर्वांसमक्ष तोंडावर दोष दिला. पौलाने याला चालीरीतीचा किरकोळ प्रश्न मानले नाही. हे शुभवर्तमानाच्या सत्याला धरून नाही असे त्याने म्हटले. करिंथच्या मंडळीला त्याने प्रभुभोजनावरूनच फटकारले, कारण तिथे पैसेवाले आधी जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत. याकोबाने तर सभेत सोन्याची अंगठीवाल्याला बरी जागा आणि मळक्या कपड्यांतल्याला पायाशी जागा देणाऱ्यांना पक्षपाती न्यायाधीश ठरवले. क्रियेवाचून विश्वास निर्जीव आहे असे तोच याकोब त्याच अध्यायात पुढे सांगतो. हा संदर्भ सोडून ते वचन भिंतीवर टांगले की ते निरुपद्रवी होते.

लग्न. इथे मला स्वतःविषयी बोलावे लागेल. आमच्या नात्यातल्या एका मुलीसाठी स्थळ आले. मुलगा शिकलेला, उपासनेत नियमित, पण मूळचे घर सफाईकाम करणाऱ्या समाजातले. 'कोणातले?' हा प्रश्न आमच्याच बैठकीत निघाला. मग कुणी शिक्षण काढले, कुणी अंतर काढले, आणि स्थळ परत गेले. मी त्या बैठकीत होतो. गलतीकरांस पत्र मला पाठ होते. मी गप्प बसलो. बाबासाहेबांनी जिला श्रेणीबद्ध विषमता म्हटले ती आमच्या घरात येऊन चहा पिऊन गेली आणि मी तिला कपबशी दिली. त्या रात्री घरात वाचन झाले. काय वाचले ते माझ्या कानांपर्यंत आले नाही. ऐकणे आणि वागणे यांच्यातली दरी मी दुसऱ्यांना दाखवतो तेव्हा आधी हा दिवस आठवतो.

म्हणूनच बाबासाहेबांची टीका मला परकी वाटत नाही. १ जानेवारी १९३८ रोजी सोलापुरात ख्रिस्ती लोकांपुढे बोलताना त्यांनी दक्षिणेतल्या चर्चमधील जातिभेदावर बोट ठेवले. महाराष्ट्र शासनाने १९८९ मध्ये काढलेल्या त्यांच्या लेखनाच्या पाचव्या खंडात धर्मांतरितांच्या स्थितीवरचा त्यांचा निबंध आहे. अस्पृश्यतेतून ख्रिस्ती झालेला माणूस अन्यायाविरुद्ध पेटून का उठत नाही, असे ते विचारतात. त्यांचे एक उत्तर असे की माणसाच्या अधोगतीचे कारण त्याचे स्वतःचे पाप, ही शिकवण त्याला समाजाकडे बोट दाखवू देत नाही. ही टीका चर्चने मनावर घ्यायला हवी होती. आमच्याच मराठी मुलखातले अरविंद निर्मळ यांनी १९८१ साली बेंगळूरच्या धर्मविद्यालयात शूद्रांच्या ईश्वरविद्येची मांडणी केली. त्यांनी अनुवादाच्या पुस्तकातील इस्राएलाची कबुली हाताशी घेतली. आमचा पूर्वज भटका होता, आम्हांला छळले गेले, आम्ही हाक मारली, असा तिचा आशय. त्या कबुलीत स्वतःचे पाप उगाळलेले नाही; छळणाऱ्याचे नाव आहे. शास्त्रात हेही होते. आम्हांला ते उशिरा वाचून दाखवले गेले.

आता कागदाचा प्रश्न. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशातील तिसऱ्या परिच्छेदाने हिंदू नसलेल्याला अनुसूचित जातीतून वगळले. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्यात सामावून घेतले गेले. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. १९८५ च्या सूसाई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की नव्या धर्मातही तोच जाच तितक्याच तीव्रतेने चालू आहे याचा पुरेसा पुरावा पुढे आलेला नाही. २००७ मध्ये रंगनाथ मिश्रा आयोगाने तो परिच्छेद काढून टाकावा अशी शिफारस केली. २०२२ मध्ये बालकृष्णन आयोग नेमला गेला. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ख्रिस्ती धर्म पाळत असताना केवळ नोकरीसाठी हिंदू म्हणवणे ही संविधानाशी प्रतारणा आहे.

गावातला माणूस आमची जात विसरत नाही, सरकारी कागद मात्र ती गेली असे धरून चालतो. या कात्रीत किती तरी घरे सापडली आहेत. घरात शास्त्र वाचायचे आणि दाखल्यावर जुनाच धर्म ठेवायचा. त्यांना मी दोष देणार नाही; खोटी साक्ष देऊ नको ही आज्ञा भरल्या पोटाने सांगणे सोपे असते. मी माझ्या मुलाच्या शाळेच्या अर्जावर 'ख्रिस्ती' लिहिले. शिष्यवृत्ती गेली. मोठा झाल्यावर तो म्हणाला, "बाबा, आज्ञा तुम्ही पाळली, फी मी भरली." यावर माझ्याजवळ उत्तर नाही. त्याचे म्हणणे देवापुढे ठेवतो आणि तिसऱ्या परिच्छेदाविरुद्धच्या निवेदनावर सही करतो. दोन्ही एकाच सकाळी करतो. खरे बोलणाऱ्याला दंड करणारा कायदा बदला, असे चर्चने चौकात येऊन सांगितले पाहिजे. व्यासपीठावरून लोकांना प्रामाणिकपणाचे धडे द्यायचे आणि कायद्याविषयी मूग गिळायचे, हे आज्ञापालन नव्हे.

यवतमाळात १९५३ साली धर्मशिक्षणाचे मोठे विद्यालय निघाले, १९८३ साली ते पुण्याला गेले. वाशीमला मिशनचे हॉस्पिटल उभे राहिले. या संस्थांनी शिकवले, रोगी बरे केले. त्याचे ऋण आहेच. परंतु विश्वास जगायचा तो संस्थेच्या आवारात नव्हे. तो पूस नदीकाठच्या या गावात, शेजाऱ्याच्या माठाशी आणि आपल्या मुलीच्या लग्नाच्या बैठकीत.

तेव्हा त्या तरुण मित्राला माझे उत्तर असे. गड्या, तू म्हणतोस तसा मालक मी पत्करलेला नाही. ज्याच्यापुढे मी गुडघे टेकतो त्याने कमरेला रुमाल गुंडाळून शिष्यांचे पाय धुतले होते, आणि पाय धुणे हे तिथे दासाचे काम होते. त्याच्यापुढे वाकल्यावर दुसऱ्या कुणापुढे वाकायचे नाही, एवढाच माझा करार. तो मी पुरता पाळलेला नाही, हे वर कबूल केले आहे. तू तुझ्या त्रिशरणाने त्याच जातीशी लढ, मी माझ्या शास्त्राने लढतो. मी कुठे गप्प बसलेला दिसलो तर पौलाने पेत्राला धरले तसे चारचौघांत मला धर. आणि पुढच्या वेळी आमच्या बैठकीत 'कोणातले?' निघाले, तर या वेळी पहिला मी उठलो की नाही, हेही येऊन विचार.